तीन चेहरे, एक दिवस आणि दीड लाखाचा अंदाज: येवल्यातल्या एका पैठणी व्हिडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

येवल्यातलं हे पैठणीचं दुकान आता तिसऱ्या पिढीच्या हातात आहे. दुकानामागच्या वाड्यात त्यांचे स्वतःचे चार हातमाग आहेत आणि गावातल्या आणखी काही विणकरांच्या घरी त्यांचं काम चालतं. गल्ल्यावर काका बसतात, खरेदी-विक्री मुलगा बघतो आणि फोनवरून, इन्स्टाग्रामवरून येणारं गिऱ्हाईक सूनबाई सांभाळतात. मी पुण्यात जाहिरातपटांचं लाइन प्रोडक्शन करते. माणसं, सामान, पैसे आणि वेळ यांची मोट बांधायची, हे माझं काम. या प्रकरणात मी पहिल्या फोनपासून शेवटच्या बिलापर्यंत होते. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आकडे जवळच्या पूर्ण रकमेवर आणले आहेत.

२०२४ च्या जुलैत सूनबाईंचा फोन आला. "ताई, घटस्थापनेच्या आत दोन मिनिटांचा व्हिडिओ हवाय. चांगल्या मॉडेल घेऊन, नीट केलेला. दीड लाखात बसेल ना?"

व्हिडिओ हवा असण्यामागचं कारण खरं होतं. बाजारात यंत्रमागावरच्या सेमी पैठणीची रेलचेल आहे आणि मोबाइलच्या पडद्यावर ती हातमागाच्या पैठणीसारखीच दिसते. फरक कळतो तो पदर उलटा केल्यावर. हातमागावर मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या तिल्लीने (धाग्याच्या छोट्या कांडीने), शेजारच्या रंगात अडकवून विणतात, त्यामुळे पाठीमागूनही नक्षी तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीच्या पाठीमागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. काका दुकानात गिऱ्हाइकाला हे अर्ध्या मिनिटात दाखवतात. तो अर्धा मिनिट पडद्यावर आणायचा होता.

सूनबाईंनी गोष्टही लिहिली होती. आजी पेटीतून साडी काढते, आई ती नेसते, आठ वर्षांची नात पदर उलटा करून बघते आणि विचारते, "याची मागची बाजू कुठंय?" मला ती ओळ फार आवडली. जागा म्हणून त्यांच्या मनात वाईजवळच्या मेणवलीचा कृष्णेकाठचा घाट होता, आणि तिन्ही चेहरे मुंबईहून आणायचे होते. सहा साड्या दाखवायच्या होत्या.

पहिला अंदाज आणि पहिला धक्का

जसं मागितलं तसं धरून मी अंदाजपत्रक केलं:

तीन कलाकार, एक दिवस, चेहऱ्यांचा भारतात एक वर्ष फक्त डिजिटल (मोबाइल, इंटरनेटवर) वापर: १,४०,०००
मेकअप, केस, स्टायलिस्ट, साडी नेसवणारी ताई आणि मदतनीस: ६८,०००
दिग्दर्शक, कॅमेरामन आणि त्यांचे सहायक: १,२०,०००
कॅमेरा, लेन्स, लाइट, लाइटमन: ९५,०००
जागा आणि परवानग्या: ५०,०००
२२ माणसांचा प्रवास, मुक्काम, जेवण: ७२,०००
एडिट, रंगकाम, आवाज, संगीताचा परवाना: ८५,०००
प्रोडक्शनचा मेहनताना आणि राखीव रक्कम: ६०,०००

बेरीज ६,९०,०००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,१४,२००.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग काकांनी फोन हातात घेतला. "ताई, दोन मिनिटांना आठ लाख? एवढ्यात माझे विणकर किती महिने बसतील माहितीय?"

प्रश्न रास्त होता आणि मी त्याचं उत्तर त्यांच्याच धंद्यातून दिलं. मागावर ताणा (उभे धागे) चढवायला, सांधायला जो वेळ जातो तो साडी एक विणली तरी जातो आणि चार विणल्या तरी जातो. चार साड्या निघाल्या तर तो खर्च चौघींत वाटला जातो, एकच निघाली तर सगळा तिच्यावर बसतो. खास ऑर्डरचा व्हिडिओ म्हणजे एकाच साडीसाठी चढवलेला ताणा. स्टॉकमधला तयार व्हिडिओ स्वस्त पडतो, कारण तोच तुकडा शेकडो लोक विकत घेतात. कॅटलॉगचं शूट स्वस्त पडतं, कारण एकाच मॉडेलवर, एकाच लाइटमध्ये, दिवसभरात ढिगाने साड्या काढल्या जातात. इथे साडी त्यांची, गोष्ट त्यांची, ओळ त्यांची. यातलं काहीही दुसऱ्या कुणाला विकता येणार नव्हतं, म्हणून पूर्ण दिवसाचा भार एकट्या दुकानावर येत होता.

मॉडेलच महाग असतात अशी त्यांची समजूत होती. अंदाजपत्रकात तिन्ही कलाकारांचे पैसे एकूण खर्चाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढे होते. पण चेहरा भाड्याने घेतला की त्याच्यामागून बरंच काही येतं: मेकअपदादा, केस करणारी, नेसवणारी ताई, आधी एक दिवस लूक टेस्ट (ब्लाउज, केस, दागिने घालून बघणं), मापाचे ब्लाउज, कडी लागणारी कपडे बदलायची खोली, वेगळी गाडी, मुक्काम. शिवाय चांगला चेहरा घेतल्यावर तो साध्या लाइटमध्ये टिपून चालत नाही. पैठणीच्या बाबतीत तर अजिबातच नाही. हिरव्या-जांभळ्या धूपछावाचा रंग हलक्या प्रतीच्या एलईडीत वेगळाच दिसतो आणि मग साडी घरी पोहोचल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, व्हिडिओत अशी नव्हती.

मॉडेलच्या मानधनाबद्दल एक गोष्ट मला इथे कळकळीने सांगायची आहे. बाहेरून बघणाऱ्याला ती एका दिवसाचे साठ-सत्तर हजार घेताना दिसते. महिन्यात असे किती दिवस मिळतात, ते दिसत नाही. ऑडिशनचे, फिटिंगचे दिवस बहुतेक वेळा बिनपैशाचे जातात. काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन जातं. आणि एका साडीच्या दुकानासाठी काम केलं की ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या साडीच्या जाहिरातीचं काम तिला सोडावं लागतं. आपण तिचे बारा तास घेतो आणि त्यासोबत पुढच्या काही महिन्यांतली तिची मोकळीकही विकत घेत असतो. हे एकदा नीट समजलं की घासाघीस कुठे करायची आणि कुठे नाही, ते आपोआप कळतं.

समोर असलेले पर्याय

आम्ही येवल्यात दुकानाच्या गादीवर बसून तीन तास बोललो.

पहिला पर्याय, सगळं ठरल्याप्रमाणे करायचं. आठ लाखांची तयारी नव्हती, तो लगेच बाद झाला.

दुसरा, पुण्यातल्या स्टुडिओत एका मॉडेलवर कॅटलॉग पद्धतीने सहा साड्या काढायच्या. दीड-पावणेदोन लाखात झालं असतं. पण त्यात नातीची ओळ नव्हती, घर नव्हतं, माग नव्हता. काका म्हणाले, "असे फोटो तर सेमीवाल्यांचेही आहेत."

तिसरा, नाशिकच्या एका प्रसिद्ध इन्फ्लुएन्सरकडे साडी पाठवायची. खर्च कमी आणि बघणारे तयार. मात्र तो व्हिडिओ तिच्या पानावर राहणार, आणि पैसे किंवा साडी घेऊन केलेली शिफारस आहे हे तिने स्पष्ट लिहायलाच हवं, तसे नियम आहेत. यात मला वावगं काहीच दिसत नव्हतं. फक्त दुकानाला स्वतःकडे राहणारी, वर्षभर दाखवता येणारी चीज हवी होती.

चौथा, घरच्याच बायका. सूनबाई स्वतः उभ्या राहायला तयार होत्या. एक चाचणी मोबाइलवर केली. त्या दुकानात साडी दाखवताना जितक्या सहज असतात, तितक्या कॅमेऱ्यासमोर आखडत होत्या, आणि तेच त्यांनी स्वतः आधी ओळखलं.

पाचवा पर्याय मुलाने आणला, एआयने बनवलेली मॉडेल. एका ॲपवर केलेला तुकडा त्याने दाखवला. बाई मान वळवते तेव्हा पदरावरच्या मोराची शेपटी बदलत होती आणि नारळी काठ मध्येच सपाट पट्टी होत होता. जी साडी विणलेलीच नाही ती दाखवून हातमागाची खात्री कशी देणार? काकांनी तो फोन परत देताना एकच शब्द म्हटला, "खोटं."

निर्णय

शेवटी आम्ही पहिल्या कल्पनेतलाच गाभा ठेवून आकार लहान केला.

मेणवली सोडली. ऑगस्टच्या पावसात नदीकाठचा घाट धरून बसणं जोखमीचं होतं, आणि मुक्काम वाचणार होता. येवल्यापासून तासाभरावरचा एक जुना खाजगी वाडा १८,००० रुपयांत मिळाला. आजीच्या भूमिकेसाठी नाशिकच्या रंगभूमीवरच्या एक ज्येष्ठ अभिनेत्री आल्या. मुंबईची मॉडेल एकच, मधल्या पिढीची.

नातीचा निर्णय सगळ्यांत अवघड होता. लहान मुलाला जाहिरातीत घ्यायचं तर १९८६ च्या बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे सुधारित नियम पाळावे लागतात: चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसात जास्तीत जास्त ५ तास काम, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. हे नियम असायलाच हवेत. "आमच्या पुतणीलाच उभी करू, कोण विचारतंय," असं मुलगा म्हणाला तेव्हा मी ठाम नाही म्हटलं. परवानगीसाठी हातात वेळ पुरेसा नव्हता आणि ५ तासांच्या मर्यादेत बसवायचं तर दुसरा दिवस लागला असता. आम्ही नातीची ओळ आईच्या तोंडी दिली, लहानपणची आठवण म्हणून: "मी आजीला विचारायचे, याची मागची बाजू कुठंय?" ओळ टिकली आणि माझ्या मते आणखी हळवी झाली.

सहा साड्यांच्या चार केल्या. याचं गणित मी काकांना कागदावर मांडून दाखवलं. पैठणी नेसवणं, निऱ्या बसवणं, केसांची आणि दागिन्यांची अदलाबदल, चेहऱ्याला हात, यात एका बदलाला ४५ मिनिटं जातात. सहा साड्या म्हणजे साडेचार तास, बारा तासांच्या शिफ्टमधले. तेवढा वेळ कॅमेरा, लाइट आणि पंधरा माणसं नुसती थांबून राहतात. उरलेल्या दोन साड्या मागावर आणि विणकराच्या हातात दाखवायच्या ठरल्या. त्या विणकरदादांनाही दिवसाची मजुरी बुडते म्हणून मानधन दिलं, तेही कागद करून.

नवा अंदाज ४,३१,००० झाला, अधिक जीएसटी. काका तयार झाले. जीएसटीचा परतावा पुढे विक्रीच्या करातून वळता होतो हे त्यांच्या सीएने समजावलं, पण आधी तो खिशातूनच जातो, म्हणून तोही वेगळा काढून ठेवायला सांगितलं.

याच बैठकीत आम्ही दोन ठिकाणी पैसे वाचवले आणि दोन्ही पुढे अंगावर आले.

एक, मॉडेलची लूक टेस्ट रद्द केली. ८,००० रुपये आणि तिचा एक फेरा वाचला. ब्लाउजची मापं व्हॉट्सॲपवर मागवली.

दोन, डिजिटल वापर एक वर्षाऐवजी सहा महिन्यांचा घेतला. तिचं मानधन ७५,००० वरून ६०,००० वर आलं. को-ऑर्डिनेटरने तेव्हा विचारलं होतं, "होर्डिंग, प्रिंट काही आहे का? आत्ता सांगितलंत तर वरच्या ३०,००० त बसवून देतो." मुलगा म्हणाला, "छे, आपलं सगळं मोबाइलवर." मी तो प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता. विचारला नाही.

चित्रीकरणाचा दिवस

सकाळी सातची शिफ्ट. साडेसातला नेसवणाऱ्या ताईंनी मला आत बोलावलं. ब्लाउज मुंढ्यात इतका घट्ट की हात खांद्यावर नेला तर शिवण उसवेल, आणि पदर उलटा करायचा तर हात वर जायलाच हवा. अख्खा व्हिडिओ त्या एका हालचालीवर उभा होता. येवल्याहून शिंपीदादा मोटारसायकलवर मशीन बांधून आले. पहिला शॉट नऊ वाजून वीस मिनिटांनी लागला. लूक टेस्टचे आठ हजार वाचवून आम्ही बारा तासांतले जवळपास दोन तास घालवले होते.

नेसवणाऱ्या ताईंचं काम मात्र पाहत राहावं असं होतं. रेशमाला पिनेचं भोक पडू नये, जरीचा धागा ओढला जाऊ नये म्हणून त्या प्रत्येक सेफ्टी पिनेत आधी एक छोटा मोती ओवत होत्या. मेकअप झाला की मॉडेलच्या खांद्यावर मलमलचा पंचा, तो कॅमेरा सुरू होण्याच्या क्षणी काढायचा. चारही साड्या संध्याकाळी जशाच्या तशा घडीत गेल्या. अंदाजपत्रकात "नेसवणे" म्हणून जी ओळ असते तिच्यात हे सगळं असतं, आणि खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री तिलाच लागते.

दुपारी दुसरी अडचण आली. दागिने काकांच्या मेहुण्यांच्या सराफी दुकानातून आणले होते: ठुशी, तोडे, नथ. मेहुणे स्वतः जेवणाच्या वेळेला आले आणि मोबाइल काढून मॉडेलला म्हणाले, "बेटा, नथीचे दोन क्लोजअप दे, आमच्या पेजला टाकतो." तिने नमस्कार केला आणि शांतपणे सांगितलं, "काका, माझा करार साडीसाठी आहे. दागिन्यांचं दुसरं काम माझ्याकडे डिसेंबरपर्यंत चालू आहे, मला नाही जमणार." मेहुण्यांना अपमान वाटला. "दागिने माझे घालायचे आणि फोटो द्यायचा नाही?" ते नथ परत मागायला लागले.

चाळीस मिनिटं गेली. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की तिने नाही म्हटलं ते बरोबर आहे. तिने हो म्हटलं असतं तर तिचा दुसरा करार मोडला असता आणि आपणही त्यात ओढले गेलो असतो. मग कॅमेरामनने मार्ग काढला. दागिने पितळी तबकात, पैठणीच्या काठावर ठेवून, चेहऱ्याशिवाय तीन शॉट काढून दिले. मेहुणे खूश होऊन गेले. ही बोलणी आदल्या दिवशी फोनवर पाच मिनिटांत झाली असती.

वाड्याबाहेर बघ्यांची गर्दी होती. बदलायच्या खोलीच्या दारात मी दिवसभर एक मदतनीस मुलगी बसवली होती, १,५०० रुपये रोजाने. हा खर्च मी कुठल्याच अंदाजपत्रकातून काढत नाही आणि कुणी काढायला सांगितला तर ते काम घेत नाही.

उलट्या पदराचा शॉट संध्याकाळी साडेसहाला मिळाला. आजीच्या हातातून पदर तिच्या हातात येतो, ती तो उलटा करते, खिडकीतून येणारा पावसाळी उजेड जरीवर पडतो आणि मागची बाजू पुढच्यासारखीच चमकते. मॉनिटरमागे काका उभे होते. त्यांनी काही न बोलता टोपी काढून हातात धरली.

पॅकअप सातऐवजी नऊला. दोन तासांचा ओव्हरटाइम: मॉडेलचे १५,०००, लाइट आणि सामानाचे १४,०००, बाकीच्यांचे ६,०००. एकूण ३५,०००.

नंतर उद्भवलेलं

एडिटला ठरल्याप्रमाणे दोन दुरुस्त्या फुकट होत्या. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळी दुरुस्ती पाठवल्याने पाच झाल्या, त्याचे १२,००० वाढले. गाजणारं एक गाणं लावायचा मुलाचा आग्रह होता. धंद्याच्या जाहिरातीत ते परवान्याशिवाय लावता येत नाही, हे सांगून आम्ही घेतलेलंच संगीत कायम ठेवलं. व्हिडिओ ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेला गेला.

खरी ठेच नोव्हेंबरात लागली. लग्नसराईच्या तोंडावर मुलाने व्हिडिओतली एक फ्रेम मोठी करून नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर होर्डिंग लावलं. मला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. अठराव्या दिवशी को-ऑर्डिनेटरचा फोन आला. मॉडेलची दुसऱ्या एका साडी ब्रँडशी होर्डिंगच्या मोहिमेची बोलणी चालू होती आणि त्यांच्याच कुणीतरी हे पाहिलं होतं. मागणी होती ९०,००० रुपयांची.

काका संतापले. "पैसे मी दिले, व्हिडिओ माझा. मग भिंतीवर लावायला कुणाची परवानगी?"

अर्धी गोष्ट त्यांची बरोबर होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन बनवून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला मालक तो बनवून घेणाराच असतो. व्हिडिओ त्यांचाच होता. पण मॉडेलच्या चेहऱ्याचा वापर कुठे, किती दिवस, हे वेगळ्या कागदावर सहीनिशी ठरलं होतं: फक्त डिजिटल, सहा महिने. साडी भाड्याने नेणाऱ्या गिऱ्हाइकाने ती परत न करता दुसऱ्याच्या लग्नातही नेसवली तर तुम्ही काय कराल, असं मी विचारलं. ते शांत झाले.

मी मध्यस्थी केली. होर्डिंग दोन दिवसांत उतरवलं, झालेल्या वापराचे २५,००० दिले, आणि त्याच बैठकीत डिजिटल वापर आणखी एक वर्ष वाढवून घेतला, ४०,००० त. मॉडेलची पुढची मोहीम वाचली, म्हणून तिने आकडा खाली आणला. होर्डिंगचं भाडं आणि फ्लेक्सचे ३८,००० दुकानाने स्वतः केलेले, ते बहुतांश वाया गेले.

परिणाम

माझ्याकडचं अंतिम बिल: मूळ ४,३१,०००, ओव्हरटाइम ३५,०००, जादा दुरुस्त्या १२,०००, चेहऱ्याच्या वापराचे नंतरचे ६५,०००. एकूण ५,४३,०००, जीएसटी धरून ६,४०,७४०.

व्हिडिओतल्या हिरव्या बांगडी मोराच्या साडीसाठी जानेवारीअखेर ११ ऑर्डरी आल्या. त्या नेमक्या व्हिडिओमुळे आल्या की लग्नसराईमुळे, हे वेगळं काढता येत नाही आणि मी तसा दावा करणार नाही. सूनबाईंना जाणवलेला बदल वेगळा आहे. आता फोनवर बोलताना गिऱ्हाईक स्वतःहून म्हणतं, "पदराची मागची बाजू दाखवा." ती मागणी पूर्वी कुणी करत नव्हतं.

आज पुन्हा करायचं झालं तर

लूक टेस्ट मी कधीच रद्द करणार नाही. ब्लाउज, केस, दागिने, चेहऱ्यावर साडीचा रंग कसा पडतो, हे आधी एकदा बघितल्याशिवाय पंधरा माणसं गोळा करणं म्हणजे त्यांच्या वेळेचा जुगार आहे.

वापराच्या बाबतीत चूक मी मुलापेक्षा माझी जास्त मानते. "होर्डिंग करणार का?" हा प्रश्न जुलैत विचारला तर दुकानदार प्रामाणिकपणे नाहीच म्हणणार, कारण जुलैत त्याच्या डोक्यात होर्डिंग नसतं. विचारायला हवं होतं ते असं: मागच्या लग्नसराईत तुम्ही कुठे कुठे पैसे घातलेत? दुकानाची पाटी, पिशव्या, एसटी स्टँडवरचा फलक, प्रदर्शनातला स्टॉल, कॅलेंडर? त्यातून खरी यादी निघाली असती. तेव्हाच एक वर्षाचं डिजिटल आणि होर्डिंग घेतलं असतं तर मॉडेलला १,०५,००० द्यावे लागले असते आणि फलक लग्नसराईभर उभा राहिला असता. आम्ही टप्प्याटप्प्याने १,२५,००० दिले आणि फलक वीसेक दिवसांत उतरवला.

दागिन्यांसारखी उसनी वस्तू सेटवर येणार असेल तर तिच्या मालकाची अपेक्षा काय, हे आदल्या दिवशी लिहून घ्यायचं. फुकट आलेली वस्तूच बहुतेक वेळा अशी अडते. आणि दुरुस्त्या सांगणारा घरातला माणूस एकच असावा. इथे ते सूनबाई असत्या तर दोन दुरुस्त्यांत काम झालं असतं. त्यांची नजर सगळ्यांत नेमकी होती.

लहान मुलीबद्दलचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. दोन महिने हातात असते तर परवानगी काढून, दुसरा दिवस धरून तिला आणलं असतं. ते दोन महिने नसताना घरातल्या पुतणीला गुपचूप उभं करणं हा पर्याय माझ्यासाठी कधीच नव्हता.

यंदाच्या जूनमध्ये काकांचा स्वतःहून फोन आला. नवीन व्हिडिओ नको होता. "ताई, दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटायला कॅलेंडर काढायचंय. त्याच पोरीचा फोटो पहिल्या पानावर. छापायच्या आधी विचारून घ्या तिला, बारा महिने भिंतीवर राहायचे किती घेईल?" मी विचारलं. तिने आकडा सांगितला, त्यांनी हो म्हटलं, आणि कागदावर दोघांच्या सह्या झाल्यावर फोटो छापखान्यात गेला.